बारातले तीन शॉट

१

गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता भिंगताईने तोच शॉट, त्याच यंत्रावर, तेच आकडे घालून पुन्हा चालवला आणि म्हाताऱ्याचे केस उडाले.

सगळे नाही. पण कानामागची पिंजारलेली झुलपं गेली, टाळूवर हिरवट झाक आली, आणि डोक्याभोवतीची कड उकळत्या दुधासारखी लटलटायला लागली. काळ्या कोटाच्या खांद्यावर लोंबणारं पांढरं सूत मात्र जागच्या जागी होतं. केस गेले, सूत राहिलं.

तिने आकडे ताडून पाहिले. पुन्हा चालवला. पुन्हा टक्कल.

ह्याच शॉटला काल तिने स्वतःच्या हाताने दहापैकी नऊ गुण दिले होते. खाली सही केली होती.

ती ज्या स्टुडिओत काम करायची तिथलं काम म्हणजे चित्रावर चित्र चढवणं. हिरव्या पडद्यासमोर उभा केलेला माणूस कापून काढायचा आणि समुद्रकिनाऱ्यावर नेऊन ठेवायचा, असा, की तो तिथलाच वाटावा. यात सगळा जीव कडेत असतो. कड चुकली की माणूस कात्रणासारखा दिसतो. हे चित्र जुळवण्याचं काम ताई बारा वर्षं करत होती. दुसऱ्याला न दिसणारी चूक तिला दिसायची, म्हणून तिचं नाव भिंगताई पडलं होतं. साधी कड ती स्वतःच कापायची. उडणारे केस, धूर, काच असल्या अवघड कडा मात्र शेजारच्या रोटोखोलीत जायच्या. तिथे तीन माणसं एकेक फ्रेम समोर घेऊन हाताने कड आखायची.

आता बाजारात अशी कड आपोआप कापून देणाऱ्या प्लगइनचा एक नवा संच आला होता. बटण दाबा, केस मोकळे, असं त्याच्या जाहिरातीत लिहिलं होतं. दहा दिवस फुकट वापरून बघा, पटला तर घ्या. मालकांनी, म्हणजे दादांनी, तो तपासायचं काम ताईच्या गळ्यात घातलं. "आणि हे बघ, रोटोखोलीत अवाक्षर काढू नकोस. उगाच घाबरतील." म्हणून मग एका रद्द झालेल्या अत्तराच्या जाहिरातीतले बारा शॉट तिने उचलले आणि खरंच काम आलंय अशा थाटात, नेहमीच्याच फोल्डरमध्ये ठेवले. रोजची कामं उरावर होतीच. ती संध्याकाळी शॉट चालवायला लावून घरी जायची. निकाल एकेक करून बघायला फुरसत कुणाला? काल बुधवारी तिने बाराही एकदम उघडले, गुण दिले, अहवाल पाठवून दिला. बारापैकी अकरा पास. नापास तेवढा मंगळवारी रात्री शेवटी चालवलेला, जाळीच्या ओढणीचा.

आज दादांना दाखवायला एक शॉट मोठ्या आकारात हवा होता, म्हणून पुन्हा चालवला. आणि हे असं झालं.

तिने कालचा निकाल उघडला. केस न् केस शाबूत. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून ती चिडून बघत राहिली. मग तिची नजर फाइलखालच्या वेळेवर गेली. यंत्राने हा शॉट गेल्या गुरुवारी रात्री आठला पूर्ण केला होता. पण फाइल शेवटची सेव्ह झाली होती शुक्रवारी, दुपारी एक बावीसला.

दुपारी एक बावीसला ती खाली कँटीनमध्ये जेवत होती.

२

असे तीन शॉट निघाले. तिसरा, सातवा, अकरावा. तिसरा शुक्रवारी बदलला होता, सातवा सोमवारी, अकरावा मंगळवारी. तिन्ही वेळा एक ते दोनच्या मधे. तिन्हींत माणसांचे केस. तिने सातवा आणि अकरावाही नव्याने चालवून पाहिले. दोन्ही फसले.

म्हणजे संच आठ शॉटांत पास होता. तीन शॉटांत कुणीतरी त्याच्या जागी परीक्षेला बसलं होतं.

ती तडक व्यवस्थापकांकडे गेली. ते दादांच्या बायकोचे भाऊ. दादांचे मेव्हणे म्हणून अख्ख्या स्टुडिओचे मेव्हणे.

"तीन निकाल खोटे आहेत," ती म्हणाली.

मेव्हण्यांनी मान वर केली नाही. "मशीन आहे ते. आज रुसलं, उद्या हसेल."

"मशीन रुसत नाही. कुणीतरी हाताने दुरुस्त केलेत."

"ताई, पास झालेल्या पोराचा पेपर पुन्हा कशाला तपासता? उद्या चारला बैठक आहे. पाचला फुकटची मुदत संपते. दादा परवा बाहेरगावी चाललेत. आता घोळ नको."

त्यांच्या कोपराखाली तीन पाकिटं होती. वरच्यावर टंकलेलं नाव तिला उलटं वाचता आलं. ते रोटोखोलीतल्या नानांचं होतं.

"हे काय आहे?"

"तुमच्या अहवालाचं फळ," मेव्हणे म्हणाले आणि पाकिटं ड्रॉवरमध्ये सरकवली. "तुम्हीच लिहिलंत ना, बारापैकी अकरा? मग कड आखायला तीन माणसं कशाला हवीत?"

वीस वर्षं कड आखणाऱ्या माणसाच्या हातात नारळ द्यायचा, आणि तोही तिच्या सहीने!

मेव्हण्यांना संच हवाच होता, हे उघड होतं. पण ह्या माणसाला कागदावर सरळ रेघ ओढता येत नव्हती. शिवाय रोज एक ते दोन ते कँटीनच्या मधल्या टेबलावर बसून तेच ते विनोद सांगायचे, आणि ती रोज समोर बसून ते सोसायची. स्वतः त्यांनी केलं नव्हतं. मग कुणाकडून करून घेतलं?

३

पहिला संशय डेमोवाल्यावर जात होता. संच विकणाऱ्या कंपनीचा हा माणूस पहिले तीन दिवस येऊन शिकवून गेला होता. बोलणं इतकं गोड की मुंग्या लागाव्यात. तिने त्याला फोन लावला.

"मॅडम! निकाल उत्तम आले ना?"

"जरा जास्तच उत्तम आले. तुम्ही इथून कधी गेलात?"

"शनिवारी सकाळी. का हो?"

शनिवारी गेलेला माणूस सोमवार-मंगळवारी दुपारी इथे येणार कसा? "लांबून आमच्या यंत्रात शिरता येतं का तुम्हाला?"

तो दुखावला. "मॅडम, भलतंच काय विचारता? ते तुमच्या सर्व्हरवाल्यांना विचारा. तसेही ते आमच्याकडे येऊ बघत होते, अर्ज केला होता त्यांनी."

ताईने फोन ठेवला आणि दाताखाली ओठ धरला. सर्व्हरवाला म्हणजे किल्लीदार. स्टुडिओतले सगळे पासवर्ड त्याच्याकडे, म्हणून किल्लीदार. संच बसवलाही त्यानेच. आणि मनातून तो त्याच कंपनीच्या दारात उभा!

किल्लीदार तळघरात, थंडगार खोलीत, स्वेटर घालून बसला होता.

"अर्ज केला होतास?"

"केला होता." तो जराही दचकला नाही. "शनिवारी नकार आला. दोन ओळींचा. आता मला सांगा, त्यांनी मला लाथाडल्यावर सोमवारी-मंगळवारी मी त्यांचं भलं कशाला करीन? माझ्या हातात असतं तर मी बाराच्या बारा नापास केले असते."

"मग बदललं कुणी? कुठून?"

त्याने कुरकुरत नोंदी उघडल्या. "तिन्ही वेळा पडदाखोलीतल्या यंत्रावरून. बाहेरून कुणी शिरलेलं नाही, ते यंत्र बाहेरच्या जगाशी जोडलेलंच नाही."

"आत कोण बसलं होतं?"

"ते कसं कळणार? एकच पासवर्ड आहे सगळ्यांना, आणि तो भिंतीवर चिकटवलाय. किती वेळा सांगितलं काढा म्हणून. ऐकतं कोण?"

पडदाखोली, म्हणजे तयार शॉट मोठ्या पडद्यावर बघायची खोली. तिला कुलूप नव्हतं. स्टुडिओत माणसं बावीस. दिवस गेला, आणि ताईच्या हातात धुपाटणंही आलं नाही.

४

संध्याकाळी घरी येऊन तिने लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपटला. मुलीने विचारलेल्या गणितावर खेकसली. नवऱ्याने "काय झालं?" म्हटलं, त्यावर "काही नाही" म्हणून आणखी जोरात खेकसली. तो शहाणा माणूस, मुलीला घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

सासूबाई समोर बसून मटार सोलत होत्या. त्यांनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं होतं. आता डोळे अधू झाले होते, पण कापड दिसलं की बोटं आपोआप शिवण चाचपायची.

"कोण गं हा म्हातारा?"

"डोकेदुखी आहे माझी. ही दोन चित्रं बघा. हे यंत्राने केलेलं, आणि हे कुणीतरी चोरून नीट केलेलं. कुणी केलं ते कळत नाहीये. विकणारा म्हणावा तर तो गावात नव्हता."

सासूबाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि नाक पडद्याला लागेल इतक्या जवळ आल्या. "कोट झाडलाय याचा."

"काय?"

"इथे खांद्यावर सूत आहे. आणि इथे नाही."

ताईने झटकन पुढे होऊन पाहिलं. खरंच. यंत्राच्या चित्रात खांद्यावर सूत लोंबत होतं, दुरुस्त केलेल्या चित्रात ते साफ पुसलेलं होतं. दिवसभरात पन्नास वेळा दोन्ही चित्रं शेजारी ठेवली होती, पण तिची नजर केसांवरून हललीच नव्हती. भिंग कुठलं आलंय!

"मग विकणारा नाहीच," सासूबाई शेंग सोलत म्हणाल्या. "विकणारा कशाला सूत काढत बसेल? गिऱ्हाईकाच्या हातात कपडा द्यायच्या आधी सूत काढतो तो शिंपी."

ताई खुर्चीत ताठ झाली.

संचाचं काम फक्त कड कापणं. सूत पुसायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते त्याला येतही नाही. संचाला पास करायचं म्हणून जो फसवणूक करील तो सुताला हात लावणार नाही, कारण सूत गेलं की लगेच कळेल, इथे माणसाचा हात फिरलाय. सूत काढणाऱ्याला ही परीक्षा आहे हेच माहीत नव्हतं. हे खरं काम आहे, उद्या गिऱ्हाईकाकडे जायचंय, असं त्याला वाटलं होतं.

परीक्षा आहे हे माहीत होतं कुणाला? दादांना, मेव्हण्यांना, किल्लीदाराला, डेमोवाल्याला आणि तिला. म्हणजे पाचही जण सुटले.

आणि केस हाताने इतके सुंदर आखणारी माणसं स्टुडिओत फक्त तीन. त्या तिघांनाच तर मुद्दाम अंधारात ठेवलं होतं. त्यातल्या दोघी रोज कँटीनमध्ये तिच्या डाव्या हाताला बसायच्या.

तिसरा माणूस कधीच जेवायला खाली यायचा नाही.

५

शुक्रवारी सकाळी तिने टकलाचा शॉट त्याच फोल्डरमध्ये ठेवला. दुपारी सव्वा एकला ती ताटावरून उठली. मेव्हणे विनोदाच्या मध्यावर होते.

पडदाखोलीचं दार लोटलेलं होतं. आत नाना बसले होते. साठीला टेकलेला, बारीक चणीचा माणूस. डाव्या हातात अर्धवट खाल्लेलं सफरचंद, उजव्या हातात पेन. समोर पडद्यावर म्हातारा, आणि त्याच्या कानामागे एकेक केस उगवत होता.

"बरं झालं आलीस पोरी," नाना मागे न बघता म्हणाले. "हे काय पाठवताय तुम्ही? हाच शॉट मी गेल्या शुक्रवारी निस्तरला होता. पुन्हा कुणी बिघडवला? कोण करतंय ही जाहिरात? लाज आहे का त्याला?"

ताई दाराशीच उभी राहिली. "नाना, तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? पोट साथ देत नाही, डॉक्टरांनी दुपारचं बंद केलंय. तासभर बसून काय करू? जाणारं काम डोळ्यांखालून घालतो. कुठे कड फाटलेली असली की टाका घालतो. वाईट कड पाहवत नाही मला."

"किती दिवस?"

"दिवस? अगं, वर्षं झाली."

पुढचा प्रश्न तिला विचारायचा नव्हता, तरी तोंडातून गेला. "माझेही शॉट?"

नानांनी पेन थांबवलं. आता ते वळले, आणि तिचा चेहरा बघून जरा ओशाळले. "तुझं काम चांगलं असतं. पण केसांपाशी तू घाई करतेस. कानाजवळ तर नेहमीच."

बारा वर्षं. बारा वर्षांत तिचा एकही शॉट गिऱ्हाईकाकडून परत आला नव्हता, आणि ती ते कौतुकाने सांगत फिरायची. ती खुर्चीत बसली. मग तिने सगळं सांगून टाकलं. अत्तराची जाहिरात नाहीच. संच कसला, परीक्षा कसली, अहवाल कुणी लिहिला, आणि ड्रॉवरमधली पाकिटं.

नाना ऐकत राहिले. सफरचंद त्यांनी कागदात गुंडाळून ठेवलं.

"म्हणजे मी त्या मशीनला पास केलं," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"मला घालवायला आलेल्या मशीनची मीच कड शिवली." ते हसतील असं तिला वाटलं, पण ते हसले नाहीत. "ते राहू दे. मशीन येणारच, ते कळतं मला. पण तू दहा दिवस माझ्या शेजारून येत-जात होतीस. चहाला बसत होतीस. एकदा सांगता आलं नाही?"

"दादांनी सांगितलं होतं, बोलू नकोस—"

"दादांनी सांगितलं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरं."

ते उठले आणि निघून गेले. पडद्यावरचा म्हातारा अर्ध्या केसांनिशी तसाच राहिला.

६

चारच्या बैठकीत ताईने तिन्ही शॉट लावले. आधी यंत्राचे, मग नानांचे. सूत दाखवलं, वेळा दाखवल्या. मेव्हणे घड्याळाकडे बघत होते.

"बारापैकी अकरा नाहीत. आठ आहेत," ती म्हणाली. "धूर, काच, गाडी, सगळं छान कापतं. केसांना हात लावला की माती खातं."

"आठ म्हणजेही पासच की," मेव्हणे म्हणाले. "केसांच्या ह्या तीन शॉटांसाठी तीन माणसं पोसायची?"

"जाहिरातीत गिऱ्हाईक काय बघतं? चेहरा बघतं. हे तीनच चेहऱ्याचे शॉट आहेत." तिचा आवाज चढला. "आणि ह्या स्टुडिओचं काम परत येत नाही, असं आपण सगळ्यांना सांगतो ना दादा? ते का येत नाही, हे मला आज दुपारी कळलं. तुम्ही मला तोंड बंद ठेवायला सांगितलंत, मी ठेवलं. एक वाक्य त्यांना सांगितलं असतं, तर हा घोळच झाला नसता. माझी चूक मी लिहून देते. तुमची तुम्ही बघा."

असं दादांशी कुणी बोलत नसे. दादांनी मेव्हण्यांकडून पाकिटं मागून घेतली. फाडतील म्हणून ताई बघत होती. त्यांनी ती स्वतःच्या बॅगेत टाकली.

"संच घेऊ. धुराला, काचेला," ते म्हणाले. "केस रोटोखोलीतच राहू देत. यांचं मी आल्यावर बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू."

एवढंच हाती लागलं. ताई चरफडत बाहेर आली.

सोमवारी तिने एक शॉट नानांकडे नेला. लग्नाच्या पोशाखातली बाई, वाऱ्यावर उडणारे केस. नानांनी पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघितलं.

"हे खरं आहे, की परीक्षा?"

"खरं आहे, नाना."

त्यांनी काम केलं, नेहमीसारखंच सुरेख. पण एक वाजला तसे ते उठले, जिना उतरून कँटीनमध्ये आले, कोपऱ्यातल्या टेबलावर ताकाचा पेला घेऊन बसले आणि दोनला पाच मिनिटं कमी असताना वर गेले. मंगळवारीही तसंच केलं. पडदाखोली दुपारभर रिकामी राहिली.

गुरुवारी ताईचा एक शॉट गिऱ्हाईकाकडून परत आला. बारा वर्षांत पहिल्यांदा. सोबत एकच ओळ होती: कानाजवळची कड फाटली आहे.

तिने तास दीड तास स्वतः खटपट केली. जितकं करावं तितकं बिघडत गेलं. नवा संच लावून पाहिला, तर त्याने कानच कापला. शेवटी ती रोटोखोलीत गेली. नाना चष्मा पुसत होते. घड्याळात एकला दोन मिनिटं होती.

"नाना, हा शॉट तुम्ही करून देऊ नका," ती म्हणाली. "इथे मी काय चुकते, तेवढं मला दाखवा."

नानांनी चष्मा चढवला. शॉटकडे पाहिलं. त्यांची बोटं पेनाकडे गेली, पण त्यांनी ती मागे घेतली.

"एक ते दोन जेवणाची सुट्टी असते, ताई," ते उठत म्हणाले. "दोननंतर या."

इतकी वर्षं ते तिला 'पोरी' म्हणत आणि 'ये' म्हणत. ती त्या 'या'पाशी क्षणभर अडकली. मग जागेवर गेली, जेवली नाही, आणि दोनच्या ठोक्याला वही घेऊन रोटोखोलीच्या दारात उभी राहिली. नानांनी पायाने शेजारची खुर्ची पुढे सरकवली.